दीपगृहातली एक रात्र आणि रेणापूरचा वाडा: जुन्या वास्तूत मुक्कामाचा धंदा कसा बसतो



या वेळच्या व्हिडिओत आपण जुन्या वास्तूंमधल्या मुक्कामाच्या धंद्याबद्दल बोललो. व्हिडिओत आकडे जरा घाईत गेले, म्हणून इथे ते सावकाश देतोय. वही-पेन घेऊनच बसा, कारण पुढे हिशोब आहे.

सुरुवात समुद्रापासून करू. लातूर जिल्ह्याला समुद्र नाही हे मलाही माहीत आहे. पण या धंद्याचा सगळ्यात स्वच्छ नमुना समुद्रावरच्या दीपगृहांमध्ये बघायला मिळतो, आणि तो नीट समजला की आपल्या गावातल्या वाड्याकडे बघायची नजर बदलते.

दीपगृह म्हणजे बोटींना किनारा आणि खडक दाखवणारा दिवा. पूर्वी तो दिवा रोज संध्याकाळी लावायला, तेल भरायला, काचा पुसायला माणूस लागायचा. तो बायकापोरांसह तिथेच राहायचा, म्हणून दिव्याच्या मनोऱ्याशेजारी राहती घरं बांधलेली असायची. विसाव्या शतकात दिवे आपोआप लागायला आणि विझायला लागले. माणसाची गरज संपली. ब्रिटनमधल्या शेवटच्या दीपगृहातून राखणदार बाहेर पडला तो १९९८ मध्ये. घरं रिकामी झाली आणि रिकामं घर किती वेगाने पडतं हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. त्यात खारा वारा. रंग टिकत नाही, लोखंड गंजतं.

अमेरिकेने २००० साली एक कायदा केला. ज्या दीपगृहांची सरकारला गरज उरली नाही, ती संस्थांना किंवा स्थानिक प्रशासनाला विनामूल्य द्यायची सोय त्यात केली. अट अशी की वास्तू जपायची आणि लोकांना बघू द्यायची. फुकट मिळालं म्हणून आनंद वाटतो, पण पहिल्याच पावसाळ्यानंतर प्रश्न उभा राहतो: रंगाचे पैसे कोण देणार? यावर बऱ्याच ठिकाणी सापडलेलं उत्तर म्हणजे रात्रीचा मुक्काम. पाहुण्याला तिथे झोपू द्यायचं, त्याचे पैसे घ्यायचे आणि त्यातून छप्पर दुरुस्त करायचं.

त्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. सॅन फ्रान्सिस्कोजवळ खाडीत ईस्ट ब्रदर नावाचं एक चिमुकलं बेट आहे, एक एकरसुद्धा नाही. तिथे १८७४ पासून दीपगृह आहे. १९६९ मध्ये दिवा स्वयंचलित झाला. पुढे १९७९ मध्ये स्थानिक लोकांनी ना-नफा संस्था काढली, घर दुरुस्त केलं आणि मोजक्या खोल्यांत पाहुणे ठेवायला सुरुवात केली. बोटीने न्यायचं, जेवायला घालायचं, सकाळी नाश्ता देऊन परत सोडायचं. सगळं सांभाळायला बहुतेक एक जोडपं असतं, आणि दोघांपैकी एकाकडे बोट चालवायचा परवाना लागतो, कारण पाहुण्यांना आणणं-सोडणं तेच करतात.

आता गंमत ऐका. तिथे एका रात्रीसाठी आलेल्या पाहुण्याला अंघोळ करता येत नाही. बेटावर नळ नाही. पावसाचं पाणी साठवायचं, तेच वर्षभर पुरवायचं. एकापेक्षा जास्त रात्री राहणाऱ्यालाच अंघोळीचं पाणी. हे ते लपवत नाहीत, बुकिंगच्या आधीच सांगतात. तरी लोक चांगले पैसे मोजून येतात.

का येतात? खोलीसाठी नक्कीच येत नाहीत. त्याहून मऊ गादी आणि गरम पाण्याचा नळ समोरच्या किनाऱ्यावर कुठल्याही हॉटेलात मिळतो. ते येतात कारण अशी रात्र दुसरीकडे मिळत नाही. आणि पाण्याची अडचण आधी सांगितल्यामुळे ती तक्रार राहत नाही, त्या रात्रीच्या गोष्टीचाच भाग होते. न सांगता नळ कोरडा निघाला असता तर तोच पाहुणा भांडला असता.

नेदरलँड्समध्ये हार्लिंगेन गावच्या बंदरावर एक दीपगृह आहे. तिथे तर एकच खोली. दोन माणसं, बस्स. खोली एकच असल्यामुळे ती भरणं सोपं, नोकर कमी आणि 'मिळाली नाही' ही जाहिरात फुकट. आपल्याकडे धंदा म्हटलं की पहिल्याच दिवशी 'दहा खोल्या बांधू' असं निघतं, त्यांनी हे एक उदाहरण भिंतीवर लिहून ठेवावं.

आपल्या किनाऱ्यावरही दीपगृहं आहेत. मुंबईचं प्राँग्स, खांदेरी बेटावरचं, कोर्लईचं. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नऊ राज्यं आणि एका केंद्रशासित प्रदेशातली मिळून ७५ दीपगृहं पर्यटनासाठी खुली केली. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात आग्वाद किल्ल्यावर दीपगृहांचा पहिला उत्सवही झाला. पण आपल्याकडचा भर अजून दिवसा बघण्यावर दिसतो: बाग, संग्रहालय, उपाहारगृह. रात्री राहण्याचा धंदा आपल्याकडे वाढलाय तो किल्ले, राजवाडे आणि वाड्यांमध्ये. सासवडजवळचा जाधवगड हे त्याचं मोठं उदाहरण. पिलाजीराव जाधवरावांनी १७१० मध्ये बांधलेली ती गढी आज हेरिटेज हॉटेल आहे.

मात्र जाधवगड बघून आलात म्हणून लगेच कर्ज काढू नका. त्याच्या पाठीशी हॉटेल व्यवसायातला मोठा समूह आहे आणि तास-दीड तासावर पुणे आहे. पुण्यातून लग्नं येतात, कंपन्यांच्या बैठका येतात. आपल्या रेणापूरला काय येतं, हा वेगळा प्रश्न आहे. त्याच्याकडे येतोच.

किल्ला नको, स्वतःचं घर बघा

बरेच जण औसा, उदगीर किंवा कंधारचा किल्ला डोळ्यापुढे आणतात. तो नाद सोडा. ही संरक्षित स्मारकं आहेत. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. तुमचं स्वतःचं घर त्या पट्ट्यात असेल तर दुरुस्तीसाठीही आधी विचारावं लागतं.

शिवाय लोकांच्या भावना असतात. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले काही किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देणार अशी बातमी आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवा. छत्रपती शिवाजी महाराजांशी आणि स्वराज्याच्या इतिहासाशी संबंध असलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. माझं मत विचाराल तर लोकांचा राग समजण्यासारखा होता. ज्या जागेशी हजारो लोकांचं नातं आहे, तिथे चार खोल्यांचा मालक बनून बसणं छोट्या उद्योजकाच्या झेपेचं काम नाही. नळदुर्गला राज्य सरकारच्या संगोपन योजनेतून २०१४ मध्ये सोलापूरच्या एका कंपनीकडे दहा वर्षांसाठी देखभाल दिली गेली. स्वच्छता, बाग, तिकीट असं काम त्यातून उभं राहिलं. पण ते काम कंपनीच्या ताकदीचं आहे, बचत गटाच्या नाही.

आपल्या हातात काय आहे? आजोबांचा वाडा. रेणापूर तालुक्यात गावोगाव धाब्याची घरं, वाडे, ढासळलेल्या गढ्या आहेत. ढाळज, ओसरी, भिंतीतलं बळद, अंगणातला आड, जमिनीतलं पेव. पोरं पुण्याला, वाड्याला कुलूप, माळवदावर गवत. मनुष्य गेला आणि घर मागे राहिलं, दीपगृहाचीच कहाणी. या मालावर धंदा करायचा का, आणि कसा, एवढाच आजचा विषय.

आधी भिंत

आता जे लिहितोय ते वगळून पुढे जाऊ नका.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं झोपलेली होती. किल्लारीच्या भूकंपात सात हजारांहून जास्त माणसं गेली. ती बहुतेक आपापल्या घरात, स्वतःच्याच भिंतींखाली आणि माळवदाखाली गेली. किल्लारी आपल्याच जिल्ह्यात आहे आणि ज्या घरांनी माणसं मारली ती तुमच्या-माझ्या वाड्यासारखीच होती.

कारण समजून घ्या. भिंत दोन-अडीच फूट जाड दिसते, पण ती एक भिंत नसते. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, मध्ये दगडगोटे आणि माती. सगळं चिखलात बसवलेलं. दोन थरांना आरपार बांधणारे बंधदगड घातलेले नसतील तर हादऱ्याला दोन्ही थर सुटे होतात, फुगतात, कोसळतात. वर माळवदाची फूटभर किंवा त्याहून जास्त माती. दरवर्षी गळतं म्हणून आणखी एक थर पांढरी माती टाकायची, त्याने ओझं वाढतच जातं.

घरची माणसं त्या भिंतीत झोपतात तेव्हा ती त्यांची जोखीम. तुम्ही पैसे घेऊन पाहुण्याला झोपवता तेव्हा ती तुमची जबाबदारी. म्हणून माझा नियम ठाम आहे: स्ट्रक्चरल इंजिनियरने भिंत आणि छत बघून लेखी दिल्याशिवाय एकही पाहुणा रात्री आत झोपवायचा नाही. गावातला गवंडी कितीही जाणता असला तरी त्याचं तोंडी 'काय होत नाही' इथे चालणार नाही.

सुधारणा करता येते. किल्लारीनंतर अशा घरांसाठी जे उपाय सांगितले गेले ते फार महागडे नाहीत. माळवदावरची जादा माती उतरवायची, ओझं कमी करायचं. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यात सळईसह काँक्रीटचे बंध भरायचे. भिंतींच्या वरच्या अंगाला सलग पट्टा फिरवायचा, म्हणजे चारही भिंती एकमेकींना धरून राहतात. लाकडी खांब आणि तुळयांच्या जोडांना तिरके आधार द्यायचे. कुठे काय करायचं हे इंजिनियर ठरवेल, व्हिडिओ बघून तुम्ही नाही.

आणखी दोन चुका सर्रास दिसतात. पहिली, चिखलाच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. ओल आत अडकते, दगडामागचा चिखल सुटतो आणि बाहेरून भिंत नवीकोरी दिसते. चुन्याचा गिलावा करा, दगडी भिंत उघडी ठेवायची असेल तर चुन्याने दरजा भरा. दरजा भरल्या की विंचवांचीही सोय जाते, आणि विंचू हा पाहुण्याला आवडणारा 'ग्रामीण अनुभव' नाही.

दुसरी चूक म्हणजे जुन्या खोलीतच भिंत फोडून संडास-बाथरूम बसवणं. जिथे पाण्याची पाइप तिथे ओल, आणि चिखलाच्या भिंतीचा ओलीशिवाय दुसरा मोठा शत्रू नाही. संडास-बाथरूम मागच्या परसात हलक्या बांधकामाचं वेगळं करा, खोलीपासून पाच-दहा पावलांवर, वाटेवर दिवा आणि वर पत्रा. पाहुण्याला पाच पावलं चालवा, चालेल. पण संडास घाण ठेवलात तर तीनशे वर्षांचा इतिहास असून उपयोग नाही. दोन खोल्यांपैकी एकीचे पैसे कमी पडले तर एकच खोली करा, पण संडास पहिल्या दर्जाचा करा.

लाकूड भरपूर असलेल्या घरात जुनी उघडी वायर ठेवू नका. सगळी वायरिंग पाइपमधून नवी आणि दोन अग्निशामक बाटल्या. वाळवीचा बंदोबस्त दरवर्षी.

आणि पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर शहराला द्यावं लागलं होतं, तेव्हा ईस्ट ब्रदरची गोष्ट आपल्याला परकी नाही. वाड्याचा आड गाळ काढून जिवंत होतोय का ते बघा, माळवदाचं पावसाचं पाणी आडात सोडा. उन्हाळ्यात अंघोळीला दोन बादल्या मिळतील, शॉवर नाही, हे बुकिंग घेतानाच सांगा. लातूरचं २०१६ सांगून सांगा. पाहुणा समजून घेतो. फक्त नंतर सांगितलेलं तो समजून घेत नाही.

रेणापुरात रात्री कोण थांबणार?

इथे बहुतेक जणांचा हिशोब हवेत असतो. 'लातूरला क्लासला हजारो पोरं येतात, पालक येतात' असं मला दर वेळी ऐकवलं जातं. खरं आहे, येतात. पण पोराला नीटच्या क्लासला सोडायला आलेला बाप वीसेक किलोमीटर लांब येऊन वाड्यात झोपणार नाही. त्याला क्लासजवळ स्वस्त लॉज हवा. तो तुमचा गिऱ्हाईक नाही, त्याच्यामागे लागू नका.

तुमचा गिऱ्हाईक कोण? एक, याच भागातून पुण्या-मुंबईला गेलेली कुटुंबं. गावी घर राहिलं नाही किंवा राहण्यासारखं राहिलं नाही, पण पोरांना माळवद दाखवायचंय. दोन, लग्नाचे पाहुणे. मुलीकडच्या जवळच्या माणसांना मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपवायला यजमानाला संकोच वाटतो. तीन, देवदर्शनाला आलेले: रेणापूरची रेणुकादेवी, अंबाजोगाईची योगेश्वरी, परळीचा वैजनाथ एकाच फेरीत करणारे. आणि चार, हुरड्याचे.

पण आपल्या जिल्ह्याकडे एक गोष्ट अशी आहे जी पुण्याच्या आसपासच्या कुठल्याही रिसॉर्टकडे नाही. वेळा अमावस्या. आपली येळवस. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर शहर अक्षरशः रिकामं होतं, सगळी माणसं शेतात. भज्जी, आंबील, उंडे. पुण्याच्या माणसाला हे माहीतच नाही आणि माहीत असलं तरी कुणाच्या शेतात जायचं हा प्रश्न असतो. आदल्या संध्याकाळी वाड्यात मुक्काम, पहाटे स्वयंपाकघरातली धांदल बघायची, दुपारी शेतात जेवण. ही रात्र दुसरीकडे मिळत नाही. दीपगृहवाल्यांनी विकलं ते हेच. फक्त एक पथ्य पाळा: तो आपला सण आहे, तमाशा नाही. घरच्यांच्या पंगतीत पाहुण्याला बसवा, पाहुण्यासाठी पंगत मांडू नका.

हिशोब

खालचे आकडे मी समजुतीसाठी धरलेत. तुमच्या गावातले भाव टाकून हाच हिशोब पुन्हा करा.

दोन खोल्या. एका खोलीचं एका रात्रीचं भाडं नाश्त्यासह १,५०० रुपये. चादरी धुणं, नाश्ता, साफसफाई, वीज-पाणी मिळून एका खोलीमागे एका रात्रीला ४५० रुपये खर्च. म्हणजे हातात १,०५० उरतात. आता वर्षाचा ठराविक खर्च, पाहुणा येवो न येवो: अर्धवेळ मदतीला एक ताई, महिना ४,००० प्रमाणे ४८,०००. इंटरनेट, विमा, परवाने, दरवर्षीची माळवदाची आणि चुन्याची डागडुजी मिळून ३६,०००. एकूण ८४,०००.

८४,००० ला १,०५० ने भागा. ८० आले. कर्ज एक रुपयाचंही नसेल तरी वर्षाला ८० रात्री विकल्यावर तुम्ही शून्यावर येता. ऐंशीच्या खाली तोटा.

आता समजा दुरुस्ती आणि संडास-बाथरूमसाठी ६ लाखांचं कर्ज काढलं. ११ टक्के व्याज, ७ वर्षं. हप्ता महिन्याला साधारण १०,३०० म्हणजे वर्षाला १,२३,६००. मग शून्यावर यायला १९८ रात्री लागतात. कर्ज ३ लाख असेल तर १३९ रात्री. यातून एक सोपं माप मिळतं, ते लक्षात ठेवा: या भावाला कर्जाचा प्रत्येक लाख म्हणजे दरवर्षी आणखी वीस रात्री विकायची जबाबदारी. सागवानी झोपाळा घ्यावा की नाही, नक्षीचा दरवाजा विकत आणावा की नाही, हे ठरवताना रुपये मोजू नका, रात्री मोजा.

आणि रात्री किती विकल्या जातील? मोजू. हुरड्याचे दहा शनिवार, दोन्ही खोल्या: २०. येळवसचे दोन दिवस: ४. नवरात्रात दहा धरा. वर्षात दहा लग्नं मिळाली, प्रत्येकी दोन खोल्या दोन रात्री: ४०. परळी-अंबाजोगाईच्या फेरीतले वर्षभरात वीस. बेरीज ९४.

मी यात हात आखडता घेतलेला नाही, उलट पहिल्या वर्षासाठी ९४ जरा जास्तच आहेत. तरी शून्याच्या वर फक्त १४ रात्री. १४ गुणिले १,०५० म्हणजे १४,७०० रुपये. वर्षाचे. महिन्याचे नाही.

कुणी म्हणेल, सर, मग धंदा कशाला करायचा? थांबा. दीपगृहाचा मुक्काम मुळात सुरू झाला तो इमारतीचा खर्च काढायला. तुमच्या ८४,००० च्या खर्चात माळवदाची डागडुजी धरलेली आहे, म्हणजे ९४ रात्री विकून वाडा स्वतःच्या पायावर उभा राहिला आणि वर पंधरा हजार देऊन गेला. पडणाऱ्या घराचं उभं घर झालं. पण त्यावर संसार चालत नाही. घर चालवायला दिवसाची कमाई जोडावी लागते.

हुरड्याचे तेच दहा शनिवार-रविवार घ्या. रात्री दोन खोल्या, पण दिवसा अंगणात चाळीस माणसं जेवू शकतात. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, धपाटे, हुरडा, दही. ताटामागे स्वयंपाकाच्या बायकांची मजुरी धरून सगळा खर्च जाऊन १५० रुपये उरले असं धरू. आठवड्याला ४० ताटं, दहा आठवडे, म्हणजे ६०,०००. रात्रीचे १४,७०० मिळवा: ७४,७००. आता ३ लाखांच्या कर्जाचा वर्षाचा हप्ता, ६१,८००, निघतो आणि १२,९०० उरतात. ६ लाखांचा तरीही निघत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात एकच खोली, संडास आणि अंगण. कमाईतून दुसरी खोली. मुक्कामाने नाव होतं, फोटो फिरतात, लोक वाडा ओळखायला लागतात. पैसा ताटातून येतो.

कागद

सगळ्यात आधी वारस. वाडा कुणाच्या नावावर आहे? आजोबांच्या नावावर असेल तर चुलते, आत्या, त्यांची पोरं, सगळे हिस्सेदार. आज पडक्या वाड्याकडे कुणी बघत नाही. तुम्ही चार लाख घालून तो उभा केलात की पहिल्याच दिवाळीला भाऊबंद हजर. म्हणून पैसा घालायच्या आधी सगळ्यांशी बोला आणि नोंदणीकृत करार करा: किती वर्षं चालवायचं, त्यांना भाडं किती, खर्च कुणाचा, आत्याबाईंच्या पोरांना वर्षातून चार रात्री फुकट. शेवटचं कलम हसण्यासारखं वाटतं, पण भांडणं तिथेच होतात. माझ्या पाहण्यात असे प्रयत्न बुडाले ते गिऱ्हाईक नाही म्हणून कमी, भाऊबंदकीत जास्त.

त्यानंतर नगरपंचायतीचं किंवा ग्रामपंचायतीचं ना-हरकत, पर्यटन संचालनालयाकडे होमस्टे म्हणून नोंदणी, जेवण देणार म्हणून अन्न सुरक्षेची नोंदणी, उद्यम नोंदणी. पाहुण्यांच्या ओळखपत्रांची वही ठेवा. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन भरावी लागते. अमेरिकेत राहणारा आपलाच गाववाला तिथलं नागरिकत्व घेऊन आला असेल तर तोही त्यात येतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही, तरी बुकिंगच्या ॲपवरून विकणार असाल तर तुमच्या सीएला एकदा विचारा.

वाडा आणि व्यवसाय घरातल्या बाईच्या नावावर चालणार असेल तर राज्याचं 'आई' पर्यटन धोरण बघा. २०२३ मध्ये आलं. महिलांच्या मालकीच्या आणि महिलांनीच चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याज परत मिळतं, सात वर्षं किंवा एकूण साडेचार लाख होईपर्यंत. वरच्या ६ लाखांच्या उदाहरणात सात वर्षांचं व्याज साधारण २ लाख ६३ हजार होतं. म्हणजे फरक मोठा पडतो. पण व्याज आधी तुम्ही भरायचं असतं, परतावा मागून येतो, तेवढे दिवस काढायची ताकद हवी. आणि नुसतं नाव बाईचं, कारभार नवऱ्याचा, असं करू नका. पर्यटन संचालनालयाचं प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. चालू अटी तिथून लेखी घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ एकच. एका कागदावर पुढच्या बारा महिन्यांतल्या तारखा लिहा आणि प्रत्येक तारखेपुढे, त्या रात्री तुमच्याकडे राहू शकेल अशा खऱ्या माणसाचं किंवा कुटुंबाचं नाव लिहा. 'पर्यटक' असं लिहायचं नाही, नाव लिहायचं. नावं ऐंशीच्या वर गेली तर इंजिनियरला बोलवा. चाळीसवर अडकली तर यंदा फक्त अंगण झाडून हुरडा लावा, माळवदावरची जादा माती उतरवा, गळती बंद करा. खोलीचं पुढच्या वर्षी बघू. हुरड्याच्या ताटाचा भाव कसा काढायचा ते पुढच्या व्हिडिओत घेतोय, तेव्हा गावातल्या ज्वारीचा, दह्याचा आणि मजुरीचा चालू भाव विचारून ठेवा.